तर्रीचं पोट

सदाशिव पेठ, पुणे
नवरात्र, सातवी माळ

प्रिय नम्रता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकली असशील, म्हणून आधी सांगून टाकते, सगळे जिवंत आहेत. तर्री आत्ता माझ्या खुर्चीखाली झोपलाय आणि झोपेत पाय झाडतोय. मीही ठीक आहे. धायरीच्या नव्या पत्त्यावर येणारं हे तुझं बहुधा पहिलंच पत्र असेल. यापुढे विजेचं बिल आणि मेंटेनन्सची नोटीस याशिवाय काही येणार नाही, तेव्हा हे जपून ठेवलंस तरी चालेल.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर आपण दोघी सध्या एकाच विषयावर बोलतो आणि तो विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून निघालीस की तू विचारतेस, आज कशी झाली? मी सांगते, कालच्यापेक्षा बरी, पण अजून जरा सैलच. तू रंग विचारतेस, मी रंग सांगते. काळी मृदा, तांबडी मृदा, जांभी मृदा शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. ते ज्ञान म्हातारपणी असं कामी येईल असं वाटलं नव्हतं. एवढं झालं की तू म्हणतेस, बरं ठेवते, आणि मी म्हणते, ठेव. त्यात दुसरं काही बोलायला जागाच उरत नाही. कागदाचं बरं असतं, त्याला मध्येच 'ठेवते' म्हणता येत नाही.

तेव्हा पहिल्यापासून सांगते. तू होतीस तेवढं तुला माहीत आहे, पण तू ऑफिसात असताना इथे काय काय झालं ते सगळं मी तुला सांगितलेलं नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तू दारात उभी राहिलीस, जॅकेटच्या आत हे पिल्लू घेऊन. धायरीचा फ्लॅट बघायला गेलीस आणि टपरीखाली व्यालेल्या कुत्रीचं पिल्लू उचलून आणलंस. फ्लॅट तयार होता, पण वर्ध्याच्या तुझ्या आईने पितृपंधरवड्यात ताबा घेऊ दिला नाही. हॉस्टेलवाल्या बाईंना कुत्रा चालत नाही. म्हणून तू विचारलंस, घटस्थापनेला घेऊन जाते, तोवर सांभाळाल का, काकू?

काकू. पाच वर्षं आई म्हणून झाल्यावर. तुझं चुकलं असं नाही, जूनमध्ये कोर्टाने निकाल दिल्यावर तू दुसरं काय म्हणणार होतीस? पण मला लागलं. मी पिल्लू हातात घेतलं आणि तू जिना उतरत असतानाच मनाशी म्हटलं, घटस्थापनेला हे जाणार आणि त्यानंतर या मुलीला हा जिना चढायचं काही कारण राहणार नाही. या पत्रात सरळच बोलायचं ठरवलंय, म्हणून हे लिहिलं.

नावाबद्दल माझी तक्रार कायम आहे. माणसं कुत्र्याला मोती म्हणतात, राजा म्हणतात. तुमच्या नागपूरकडच्या पोह्यांवर जो लालभडक रस्सा ओततात, त्याचं नाव कुत्र्याला द्यायचं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. रंग तसा आहे हे मान्य. पण गॅलरीतून 'तर्री, तर्री' अशी हाक मारली की खालचे आप्पासाहेब वर बघतात आणि विचारतात, मिसळ केलीय वाटतं? आप्पासाहेब सोसायटीचे चेअरमन, म्हणजे वर बघणं हे त्यांचं कामच. केदारने हैदराबादहून फोन केला तेव्हा भुंकणं ऐकून त्याने विचारलं, कोणाचं कुत्रं? मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, आई, तुला कळत नाही, हे फार ऑकवर्ड आहे. ह्यांच्या बहिणीने तर तोंडावरच विचारलं, सुटलेल्या सुनेचं कुत्रं कशाला सांभाळतेस? मी म्हटलं, सून सुटली, कुत्रं बांधलेलं आहे, बसा, चहा घ्या. पण दोघांचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. तुमचं कशावरून बिनसलं ते मी तुम्हा दोघांनाही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन वेगळी उत्तरं मिळाली असती आणि दोन्ही खरी असती. मग मी काय केलं असतं?

असो. तर्रीचं पोट बिघडलं ते पितरांमुळे, हे तुला अर्धवट माहीत आहे. पूर्ण ऐक. श्राद्धाला एक पान कावळ्याचं, एक गाईचं आणि एक कुत्र्याचं काढायची पद्धत. कावळा गच्चीवर मिळतो, गाय तुळशीबागेच्या बाजूला कोणीतरी आणून उभी करतं. पण पेठेत कुत्रं मिळायची पंचाईत. दरवर्षी आपल्या इमारतीतली माणसं द्रोण हातात घेऊन गल्लीबोळांत 'यू यू' करत हिंडतात. यंदा सगळ्यांना शोध लागला की दुसऱ्या मजल्यावर आनंदीबाईंकडे घरचंच कुत्रं आहे, शाकाहारी, धुतलेलं, गळ्यात पट्टा असलेलं. पितरांना यापेक्षा सोयीचं काय असणार? ज्याच्या घरी जी तिथी, त्या दिवशी दुपारी त्याचा द्रोण माझ्या दारात हजर. पहिल्या दिवशी मी म्हटलं, लहान आहे, नको. तर आप्पासाहेब म्हणाले, पितरांचं पान परतवायचं नसतं बाई, आपण शिक्षिका आहात, आपल्याला मी काय सांगायचं! मी घासभर घातलं आणि बाकीचं काढून ठेवलं. पण मी आंघोळीला गेले की, वाचनालयात गेले की लोक जाळीच्या दारातून परस्पर सारू लागले. खीर, भरड्याचे वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, तिळाचे लाडू. तीन महिन्यांचं पिल्लू ते. आपल्या इमारतीतल्या झाडून सगळ्या खानदानांचे पूर्वज त्याने आठवडाभरात जेवू घातले.

अष्टमीला दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. आधी खीर आली, मग पाणी, मग नुसता फेस. खालूनही पाण्यासारखं. चटईवर, पायपुसण्यावर, ह्यांच्या आरामखुर्चीखाली. मी पुसत होते आणि तो माझ्याकडे बघत होता, जणू चूक त्याची होती. मी सहाण मांडली आणि जायफळ उगाळायला घेतलं. केदार लहान असताना जुलाबाला आम्ही तेच द्यायचो, हात आपोआप तिकडे गेला. चाटण बोटावर घेतलं आणि काय वाटलं कोण जाणे, आधी डॉक्टरांना फोन केला. डॉ. साईनाथांची थोरली बहीण माझ्या वर्गात होती, म्हणून ते मला बाई म्हणतात, पण त्या दिवशी ओरडलेच. बाई, जायफळ कुत्र्याला विषारी असतं, अजिबात देऊ नका! घरातलं माणसांचं कुठलंही औषध नको, दूध नको, लगेच घेऊन या. मी बोट नळाखाली धरलं आणि तुला फोन केला. तू मीटिंगमध्ये होतीस. 'काय करून राहिलाय तो?' असं विचारलंस आणि मी सांगितल्यावर म्हणालीस, निघाले आई.

तुझ्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर बसली नाही, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय, असं मला समजावून सांगितलं. लसी अजून पूर्ण झालेल्या नव्हत्या म्हणून पिल्लांना होणाऱ्या त्या भयंकर पार्व्हो रोगाची तपासणी केली. उत्तर येईपर्यंत आपण दोघी त्या बाकावर बसलो होतो, तू हेल्मेट मांडीवर घेऊन. पार्व्हो नाही म्हणाले तेव्हा तू हेल्मेटमध्येच तोंड घालून रडलीस. मला रडू आलं नाही, मी आपली भिंतीवरचा जातिवंत कुत्र्यांचा तक्ता वाचत बसले. मग डॉक्टरांनी विचारलं, त्या खिरीत बेदाणे होते का? बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात म्हणे, आणि परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो. रक्त तपासून ते म्हणाले, आज ठीक दिसतंय, पण बेदाण्यांचं नक्की कळलं तर बरं.

तू त्याला सलाइन चढेपर्यंत थांबलीस आणि मी घरी येऊन मजल्यामजल्यावर चौकशी करत फिरले. आनंदी श्रीधर यांनी आजवर शेजाऱ्यांकडे साखरसुद्धा मागितली नव्हती. आता त्याच दारोदार विचारत होत्या, तुमच्या श्राद्धाच्या खिरीत बेदाणे होते का? तिसऱ्या मजल्यावर नाही म्हणाले. चौथ्या मजल्यावरच्यांनी स्वयंपाक बाहेरून मागवला होता आणि ते त्यांना मान्य करायचं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा फोन करून विचारलं, त्यांचंही नाही निघालं. आप्पासाहेबांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाले, आमच्या वडिलांच्या खिरीत काय होतं याची चौकशी करायला आपण अन्नभेसळ खात्यातून आलात का? मी म्हटलं, आप्पासाहेब, पिल्लू मरायला टेकलंय. ते म्हणाले, पितरांच्या प्रसादाने कोणी मरत नाही, आणि दार लावलं. सगळ्यात जास्त खीर त्यांच्याचकडची गेली होती.

त्या रात्री तू राहिलीस. सकाळी मी उठून बघितलं तर तू हॉलमध्ये फरशीवर सतरंजीवर झोपली होतीस आणि हात तर्रीच्या पोटावर. त्याने टोपलीतून मान उचलून माझ्याकडे पाहिलं आणि शेपूट एकदा आपटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट कालवून चमच्या-चमच्याने पाजलं. एकदम प्यायला दिलं तर उलटतं. चमचाभर, मग थांबायचं, मग चमचाभर. मधूनमधून हिरड्या बघायच्या, गुलाबी आहेत की पांढुरक्या. लघवी केली की आनंद मानायचा, कारण मूत्रपिंडं चालू आहेत. त्याने माझ्या पायावरच केली, तरी मी आनंद मानला.

मग निघाला आहाराचा प्रश्न. फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, लहान जीव आहे. भात अगदी मऊ शिजवायचा आणि त्यात उकडलेलं चिकन कुस्करायचं, मीठ नाही, मसाला नाही. डॉक्टर हे बोलले तेव्हा तू माझ्याकडे बघितलंच नाहीस, दाराकडे बघत होतीस. का ते मला ठाऊक आहे. या घराच्या फ्रिजमध्ये तू पाच वर्षं अंडंसुद्धा ठेवलं नाहीस, खायची इच्छा झाली की बाहेर जाऊन यायचीस आणि आल्यावर आधी दात घासायचीस. मी काही आता बदलले वगैरे नाही, तसा समज करून घेऊ नकोस. पण पिल्लाच्या पोटाला जे लागतं ते लागतं. तू नवमीला सकाळी डबा भरून कच्चं चिकन आणलंस, मी गॅलरीत छोटी शेगडी लावून दिली, एक जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं दिलं आणि म्हटलं, हे आता परत आत यायचं नाही. पितृपंधरवड्यात, सदाशिव पेठेत, आपण दोघी गॅलरीत बसून कोंबडी उकडत होतो. तू कुस्करत होतीस आणि मी भात घोटत होते. खालून आप्पासाहेबांनी विचारलं, कसला वास येतोय? मी म्हटलं, लाल भोपळा. ते म्हणाले, भोपळ्याला असा वास येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडच्या येतो. तू तोंडावर हात धरून इतकी हसलीस की कुस्करलेलं निम्मं सांडलं. किती दिवसांनी तुला हसताना पाहिलं.

दशमीला ह्यांची तिथी. चार वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि पहिली तीन वर्षं तू आणि मी मिळून तो स्वयंपाक केला. यंदा मी एकटीने केला, गुरुजी नाहीत, मंत्र नाहीत, फक्त पान वाढलं. खिरीत बेदाणे घातले नाहीत हे वेगळं सांगायला नको. कावळ्याने घास घेतला, गाईचं पान दिलं, पण कुत्र्याचं पान घेऊन मी ओट्यापाशी उभी राहिले. घरात कुत्रं होतं आणि त्यालाच घालायचं नव्हतं. तू हाफ डे घेऊन तर्रीला बघायला आली होतीस. तू काही न विचारता द्रोण माझ्या हातातून घेतलास, डब्यात ठेवलास आणि हेल्मेट घालून गेलीस. मला वाटलं, कोपऱ्यावर कोणीतरी सापडेल आणि येशील. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा परतलीस. पेठेत कुत्रं मिळालं नाही म्हणून तू सिंहगड रस्त्याच्या त्या गर्दीतून धायरीला गेलीस आणि टपरीखाली तर्रीची आई शोधून तिला ह्यांचं पान घातलंस. म्हणालीस, तिने सगळं खाल्लं, वडासुद्धा. आणि म्हणालीस, बाबांना आवडलं असतं. बाबांना आवडलंच असतं. तुझ्या हातचे ते लालभडक पोहे खायला तेच पहिले बसायचे आणि घाम पुसत पुसत अजून वाढ म्हणायचे. तुम्ही वेगळे झालात हे त्यांना बघावं लागलं नाही, याचं मला बरं वाटतं. पण त्या दिवशी ते असायला हवे होते.

एकादशीला चिकन संपलं आणि तुझा फोन लागेना. तेव्हा मीच गेले. हे तुला आजवर सांगितलेलं नाही. इथे जवळ ओळखीचं कोणी बघेल म्हणून रिक्षा केली आणि स्वारगेटच्या पुढे उतरून दुकान शोधलं. पदर नाकाला लावून रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे एक मुलगी होती, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला. ती दुकानदाराला म्हणाली, अर्धा किलो, बोनलेस. आवाज ओळखीचा वाटला. तिने मागे वळून पाहिलं आणि आम्ही दोघीही जागच्या जागी थिजलो. आप्पासाहेबांची सून, स्वराली! एकादशीला, पितृपंधरवड्यात! बाहेर आल्यावर ती म्हणाली, काकू, तुम्ही भाजी घ्यायला आला होतात ना? मी म्हटलं, हो, आणि तू? ती म्हणाली, मीही भाजीच. थोडं चालल्यावर ती आपणहून म्हणाली, काकू, पिल्लाची काळजी करू नका, आमच्या खिरीत बेदाणे नव्हते, नुसती चारोळी होती. आप्पांच्या दातात बेदाणे अडकतात. मी तुम्हाला त्याच दिवशी सांगणार होते, पण आप्पा दारात उभे होते. मी भर रस्त्यात तिच्या खांद्यावर हात ठेवला. आता ती अधूनमधून वर येते, तर्रीशी खेळते आणि जाता जाता गॅलरीतल्या पातेल्यात डोकावते.

त्यानंतर सगळं सरळ झालं. भात-चिकन थोडं-थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, वर चमचाभर उकडलेला लाल भोपळा, डॉक्टरांची ती पांढरी पूड. मग हळूहळू त्याचं नेहमीचं खाणं मिसळत गेले, एकदम बदललं नाही. दारावर पाटी लावली, 'कुत्रा आजारी आहे. पितरांनी अन्यत्र सोय पाहावी.' आप्पासाहेबांनी ती सोसायटीच्या नियमात बसत नाही म्हणून काढायला लावली, तेव्हा मी म्हटलं, सर्वपित्रीपर्यंत राहील, मग काढते. राहिली. घटस्थापनेला तू ताबा घेतलास, दूध उतू घालवलंस, फोटो पाठवलेस. मी डोळ्यांपाशी धरून सगळ्या खोल्या बघितल्या. गॅलरीत तर्रीसाठी जागा करून ठेवलीस तेही बघितलं. तू म्हणालीस, त्याचं पोट ठीक झालं की नेते, घाई नाही. मी म्हटलं, हो, अजून जरा सैलच आहे. आणि ते रोजचे फोन सुरू राहिले. माळ बांधते, दिवा लावते आणि मग घड्याळाकडे बघत बसते, तू ऑफिसातून निघालीस का म्हणून. केदारचा रविवारी फोन येतो, दिवाळीला येतोय, तोपर्यंत कुत्रं गेलेलं असेल ना, असं विचारतो. मी म्हणते, त्याचं पोट ठीक झालं की जाईल.

आता खरं कारण. काल तर्रीला लस द्यायला घेऊन गेले होते. डॉ. साईनाथांनी त्याला टेबलावर उभं केलं, वजन केलं, पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, बाई, याला अजून धायरीला नेलं नाही? मी तर नम्रताताईंना घटस्थापनेलाच सांगितलं, पिल्लू ठणठणीत आहे, खुशाल न्या, त्यांचाच फोन आला होता. त्या बोलल्या नाहीत तुम्हाला? मी म्हटलं, बोलली असेल, माझ्या लक्षात राहिलं नसेल. घरी येईपर्यंत रिक्षात मी एकटीच हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता. नम्रता, सर्वपित्रीपासून हा कुत्रा चिकणमातीच्या गोळ्यासारखी करतोय. हे मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे. तरी रोज संध्याकाळी तू विचारतेस कशी झाली, मी सांगते सैल, तू विचारतेस रंग, मी रंग सांगते. एक इंजिनियर, एक निवृत्त शिक्षिका, आणि आठवडाभर आपण एकमेकींना कुत्र्याच्या पोटाबद्दल थापा मारतोय, कारण दुसरं काय बोलावं ते दोघींनाही सुचत नाही. हे आता पुरे. तर्री तुझा आहे, रविवारी ये आणि त्याला घेऊन जा. मला त्याची आठवण येईल, तुझी जास्त येईल. केदारला मी सांगितलंय की नम्रता या घरी येत-जात राहील, आणि त्याला म्हटलं, तुला ऑकवर्ड वाटलं तर ते तुझं तू बघ. बिचारा बरं म्हणाला. तर रविवारी कुत्रा ने. आणि सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून निघालीस की फोन कर. विचारायला काही नसलं तरी कर.

तुझीच,
आनंदी